पुराची लाट आणि वाहतुकीची कोंडी: समीकरण एकच, मग वागणूक निराळी का?

निरंतर (धागाकर्ता)

नदीतून पुढे सरकणारा पूर आणि रस्त्यावरून मागे सरकणारी कोंडी या दोहोंचे गणित एकच आहे, असे वाचनात आल्यापासून मी दोन्हींसाठी मिळून एक लहानसा प्रोग्राम लिहून पाहतो आहे. लाइटहिल आणि व्हिटहॅम यांनी १९५५ मध्ये या लाटांना कायनेमॅटिक वेव्ह असे नाव देऊन दोन भागांचा निबंध लिहिला. त्याचा पहिला भाग लांब नद्यांतील पुरावर, तर दुसरा गर्दीच्या लांब रस्त्यांवरील वाहतुकीवर आहे. रिचर्ड्स यांनी १९५६ मध्ये वाहतुकीची तीच मांडणी स्वतंत्रपणे केली. गृहीतके दोनच आहेत. पहिले असे की पाणी किंवा वाहने वाटेत निर्माण होत नाहीत आणि नाहीशीही होत नाहीत, त्यामुळे एखाद्या तुकड्यात आत येणारे आणि बाहेर जाणारे यांतला फरक तेथील साठ्यात दिसलाच पाहिजे. दुसरे असे की कोणत्याही जागचा प्रवाह केवळ त्याच जागच्या साठ्यावर ठरतो. नदीत साठा म्हणजे पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ, आणि रस्त्यावर साठा म्हणजे दर किलोमीटरमागे असलेली वाहने.

माझी उदाहरणाची नदी रुंद आयताकृती पात्राची आहे. तळाचा उतार किलोमीटरला अर्धा मीटर, खोली सुमारे ४ मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला १.५ मीटर आणि लांबी ९० किलोमीटर. पूर साधारण दोन दिवसांचा धरला आहे. तुकडे २ किलोमीटरचे आणि वेळेची पायरी ४०० सेकंदांची आहे. प्रत्येक तुकड्याचा हिशेब मी त्याच्या मागच्या, म्हणजे वरच्या अंगाच्या तुकड्याशी तुलना करून मांडतो.

अडचणी दोन आहेत. या सिद्धांतात पुराचा कमाल विसर्ग वाटेत घटत नाही असे पुस्तक सांगते, पण माझ्या प्रोग्राममध्ये तो घटतो, आणि तुकडे लहान केले की कमी घटतो. रस्त्याच्या बाबतीत, वाहतूक विरळ असेपर्यंत उत्तरे समंजस येतात. दाट झाली की आकडे वेडेवाकडे झोके घेऊ लागतात आणि काही तुकड्यांत घनता चक्क ऋण होते. समीकरण एकच असेल तर नदीत चालणारी रीत रस्त्यावर का कोसळावी?

जलरेखा

प्रश्न उत्तम मांडला आहे. अडचणींकडे वळण्यापूर्वी या लाटेचा वेग कशावर ठरतो हे पक्के करून घेऊ, कारण दोन्ही अडचणींचे मूळ तेथेच आहे.

साठा आडव्या अक्षावर आणि प्रवाह उभ्या अक्षावर घेऊन वक्र काढा. आरंभबिंदूपासून वक्रावरील एखाद्या बिंदूपर्यंत ओढलेल्या रेषेचा चढ म्हणजे पाण्याचा किंवा वाहनांचा स्वतःचा वेग. त्याच बिंदूवरील स्पर्शिकेचा चढ म्हणजे लाटेचा वेग. हे दोन वेग निराळे असतात. नदीत खोली वाढली की वेगही वाढतो, म्हणून वक्र वरच्या बाजूला वळत जातो आणि लाट पाण्यापेक्षा वेगवान ठरते. पुराच्या लाटेचा वेग असा विसर्गाच्या वक्रावरून काढता येतो हे सेडन यांनी १९०० मध्येच मांडले होते. रुंद पात्रात मॅनिंगचे सूत्र (खोली, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा यांवरून पाण्याचा वेग देणारे) लावल्यास लाटेचा वेग पाण्याच्या वेगाच्या पाच तृतीयांश येतो. त्याच कामाचे शेझीचे जुने सूत्र लावल्यास दीडपट.

आपल्या नदीत पाण्याचा वेग सेकंदाला १.५ मीटर आहे, म्हणजे लाट २.५ मीटर वेगाने जाईल. ९० किलोमीटरचे अंतर ती १० तासांत कापेल. त्याच वेळी वरच्या टोकाला पाण्यात पडलेला ओंडका खालच्या टोकाला पोहोचायला १६ तास ४० मिनिटे लागतील.

शून्यवेग

थोडक्यात, पुराची बातमी पुराच्या पाण्याआधी पोहोचते. बातमी अर्थात पाण्यातूनच आलेली असल्यामुळे तिच्या विश्वासार्हतेबद्दल शंका घेण्यास वाव नाही.

अवकलक

जलरेखाताईंनी पाया घातलाच आहे, त्यावर उभे राहून दोन्ही अडचणींचे निदान सांगतो.

पहिली अडचण. आपण जी रीत वापरता ती मूळ समीकरण सोडवतच नाही. ती त्याच्या जवळच्या, पण विसरण (म्हणजे लाट पसरत जाऊन तिचे शिखर बसणे) असलेल्या दुसऱ्या समीकरणाचे उत्तर देते. या कृत्रिम विसरणाचा गुणांक काढता येतो: लाटेचा वेग गुणिले तुकड्याची लांबी भागिले दोन, आणि त्याला एकातून कूरांट अंक वजा करून गुणायचे. कूरांट अंक म्हणजे वेळेच्या एका पायरीत लाट तुकड्याचा जितका भाग ओलांडते तो. आपल्या आकड्यांत ४०० सेकंदांत लाट १,००० मीटर जाते, तुकडा २,००० मीटरचा आहे, म्हणजे अंक ०.५. कृत्रिम विसरण सेकंदाला १,२५० चौरस मीटर येते. तुकडे निम्मे केले आणि त्याबरोबर वेळेची पायरीही निम्मी केली, तर ते निम्मे होते. आपल्याला दिसले ते हेच. कूरांट अंक नेमका १ ठेवला तर ते शून्य होते, पण खोलीनुसार लाटेचा वेग बदलत असल्याने हा अंक सर्व तुकड्यांत सर्वकाळ १ ठेवणे शक्य नसते. एकापेक्षा जास्त झाला तर रीत कोसळते. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांची १९२८ ची अट ती हीच.

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. मागच्या तुकड्याशी तुलना करण्याची रीत तेव्हाच टिकते, जेव्हा खबर मागून पुढे येत असते. नदीचा वक्र सतत चढता असतो, त्यामुळे स्पर्शिकेचा चढ सदैव धन आणि खबर सदैव वरून खाली येते. वाहतुकीचा वक्र मात्र डोंगरासारखा आहे: रस्ता रिकामा असला तर प्रवाह शून्य, आणि रस्ता गच्च भरून वाहने थांबली तरीही प्रवाह शून्य. मध्ये कुठेतरी शिखर. शिखराच्या पलीकडे स्पर्शिका उतरती होते, लाट मागे जाऊ लागते आणि खबर पुढून येते. आपला प्रोग्राम ज्या दिशेला पाहतो आहे, तेथे त्याला हवी ती माहितीच नाही.

निरंतर

हे फारच नेमके सांगितलेत. मग दाट भागासाठी पुढच्या तुकड्याशी तुलना करायची आणि विरळ भागासाठी मागच्या, असे केले तर?

अवकलक

त्याने अर्धेच काम होईल, कारण विरळ आणि दाट भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे कोणती बाजू पाहायची हा प्रश्न उरतो. गोदुनोव यांच्या १९५९ च्या रीतीत हा प्रश्न प्रत्येक सीमेवर स्वतंत्रपणे सोडवला जातो. वाहतुकीच्या भाषेत तिचे रूप फारच साधे आहे: मागचा तुकडा जास्तीत जास्त किती वाहने सोडू शकतो आणि पुढचा तुकडा जास्तीत जास्त किती सामावून घेऊ शकतो हे दोन आकडे काढा, आणि त्यांतला लहान आकडा म्हणजे सीमेवरून जाणारा प्रवाह. दागान्झो यांचे १९९४ चे सेल ट्रान्समिशन मॉडेल याच तत्त्वावर चालते. घनता ऋण होण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण मागच्या तुकड्याजवळ जितकी वाहने आहेत त्यांपेक्षा जास्त तो सोडूच शकत नाही.

चौकोनी_चाक

वाहतुकीच्या बाजूने एक पूर्ण उदाहरण देतो, म्हणजे ही मागे जाणारी लाट कागदावर दिसेल. ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ मध्ये मांडलेला सरळ संबंध घेऊ: घनता वाढते तसा वेग एका सरळ रेषेत घटतो. मोकळ्या रस्त्यावरचा वेग ताशी ६० किलोमीटर आणि थांबलेल्या रांगेची घनता किलोमीटरला १२० वाहने असे धरले, तर जास्तीत जास्त प्रवाह ताशी १,८०० वाहने येतो, तोही घनता ६० असताना.

आता घनता ४० असलेली वाहतूक लाल दिव्याशी येऊन थांबते. ४० घनतेला वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणून प्रवाह ताशी १,६००. रांगेत घनता १२० आणि प्रवाह शून्य. रांगेचे शेपूट म्हणजे दोन अवस्थांमधली अचानक उडी, म्हणजेच शॉक. त्याचा वेग प्रवाहांतील फरक भागिले घनतांतील फरक इतका असतो: उणे १,६०० भागिले ८०, म्हणजे ताशी २० किलोमीटर मागे. लाल दिवा ४५ सेकंद राहिला तर रांग २५० मीटर होते. पडताळा घ्या: २५० मीटरच्या रांगेत ३० वाहने मावतात. ४५ सेकंदांत ताशी १,६०० च्या दराने मागून आलेली २०, आणि त्या २५० मीटरांत आधीपासून असलेली १०. एकूण ३०. हिशेब चोख जुळतो.

हिरवा दिवा लागल्यावर सुटण्याची लाट मागे निघते. ग्रीनशील्ड्सच्या वक्रावर गच्च रांगेपाशी स्पर्शिकेचा चढ उणे ६० आहे, म्हणजे ही लाट ताशी ६० किलोमीटरने शेपटाचा पाठलाग करते आणि २२.५ सेकंदांत त्याला गाठते. तोपर्यंत शेपूट दिव्यापासून ३७५ मीटर मागे गेलेले असते. म्हणजे पुढे दिवा हिरवा होऊन २२ सेकंद उलटले तरी मागे नवे वाहन येऊन थांबतच असते, आणि त्या चालकाला आपण का थांबलो हे कधीच कळत नाही.

रेषाखंड

उदाहरण देखणे आहे, परंतु सुटण्याची लाट ताशी ६० किलोमीटरने मागे जाते हे मान्य करता येणार नाही. प्रत्यक्षात रांग सुटण्याची लाट ताशी १५ ते २० किलोमीटरच्या आसपास मागे जाते. रांगेत दोन वाहनांच्या नाकांमधले अंतर आपल्याच आकड्यांनुसार ८.३ मीटर आहे; ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. याचा अर्थ प्रत्येक चालक पुढचा निघाल्यावर अर्ध्या सेकंदात निघतो. असे चालक कोठे मिळतात?

त्यापेक्षा न्यूवेल यांच्या पद्धतीने त्रिकोणी वक्र घ्या: चढती बाजू ताशी ६० ची, उतरती बाजू ताशी २० ची, गच्च घनता तीच १२०. कमाल प्रवाह तोच १,८०० येतो, पण घनता ३० असताना. सुटण्याची लाट ताशी २० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५.६ मीटरने मागे जाते, आणि प्रत्येक चालक पुढच्यानंतर दीड सेकंदाने निघतो. हे माणसांसारखे वाटते.

चौकोनी_चाक

सहमत. ग्रीनशील्ड्सचा वक्र मी हातानेच आकडेमोड करता यावी म्हणून घेतला होता. अभ्यासक्रमाबाहेर त्याच्यावर विसंबू नये. त्रिकोणी वक्राचा आणखी एक लाभ असा की उतरत्या बाजूवर सर्व लाटांचा वेग एकच असल्यामुळे हिशेब पट्टी आणि पेन्सिलीने करता येतो. प्रवाह ताशी १,२०० धरून तोच लाल दिवा पुन्हा सोडवला तर शेपूट ताशी १२ किलोमीटरने मागे जाते, ४५ सेकंदांत रांग १५० मीटर होते, आणि सुटण्याच्या लाटेला शेपूट गाठायला हिरव्यानंतर ६७.५ सेकंद लागतात. गाठण्याची जागा पुन्हा ३७५ मीटर येते, हा निव्वळ योगायोग. पण काळ तिपटीने वाढला, याकडे मात्र लक्ष द्यावे. वक्राचा आकार बदलला की उत्तर असे बदलते.

जलरेखा

मला पहिल्या अडचणीकडे परत यायचे आहे, कारण अवकलक यांच्या उत्तराचा अर्थ 'कृत्रिम विसरण काढून टाका म्हणजे नदीचे उत्तर बरोबर येईल' असा कोणी घेईल. तसे होणार नाही.

खऱ्या नदीत पुराचे शिखर वाटेत खरोखरच बसत जाते. पूर चढत असताना लाटेच्या पुढच्या बाजूला पाण्याचा पृष्ठभाग तळापेक्षा जास्त उतरता असतो, त्यामुळे त्याच पातळीला विसर्ग थोडा जास्त असतो. उतरत्या पुरात उलट. पातळी आणि विसर्ग यांचा आलेख म्हणूनच एका रेषेवर न राहता वळसा घेतो. 'प्रवाह केवळ तेथील साठ्यावर ठरतो' हे गृहीतक येथे मोडते. या परिणामाला विसरणाचे रूप दिले तर गुणांक दर मीटर रुंदीचा विसर्ग भागिले तळाच्या उताराची दुप्पट इतका येतो. आपल्या नदीत दर मीटर रुंदीला ६ घनमीटर प्रतिसेकंद विसर्ग आहे, उतार ०.०००५, म्हणजे गुणांक सेकंदाला ६,००० चौरस मीटर. आपल्या प्रोग्रामचे कृत्रिम विसरण १,२५०. तेव्हा चुकून होणारी घट खऱ्या घटीपेक्षा कमीच आहे, आणि प्रोग्राम 'सुधारला' तर उत्तर वास्तवापासून अधिक दूर जाईल.

कायनेमॅटिक वेव्ह केव्हा पुरेशी आहे, याचा एक निकष पोन्से आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दिला: पुराचा कालावधी गुणिले उतार गुणिले वेग भागिले खोली हा आकडा १७१ च्या वर असावा. आपल्या दोन दिवसांच्या पुरासाठी तो सुमारे ३२ येतो. या नदीत हा निकष पुरा व्हायला पूर साडेदहा दिवसांचा हवा. विसरण धरणाऱ्या मॉडेलसाठी निकष सौम्य आहे (कालावधी गुणिले उतार गुणिले गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या भागाकाराचे वर्गमूळ, हे ३० च्या वर), आणि तो येथे १३५ येतो, म्हणजे निःशंकपणे चालेल. याउलट किलोमीटरला १० मीटर उताराचा, मीटरभर खोलीचा आणि सेकंदाला २ मीटर वेगाचा डोंगरी ओढा घेतला, तर अडीच तासांच्या पुरालाही शुद्ध कायनेमॅटिक वेव्ह पुरते.

अवकलक

ताईंचे म्हणणे मान्य. एक दुरुस्ती मात्र सुचवतो. 'शुद्ध कायनेमॅटिक लाटेत शिखर कधीच घटत नाही' हे वाक्य पुस्तकांत अर्धवट छापले जाते. शिखर घटत नाही ते शॉक तयार होऊन शिखराला भिडेपर्यंत. खोल पाण्याची लाट उथळ पाण्याच्या लाटेपेक्षा वेगवान असल्याने पुराची पुढची बाजू उभी होत जाते. ती शॉक झाली आणि शिखराने तिला गाठले की पुढे शिखर शॉकमध्ये खपू लागते आणि घटतेही, कसलेही विसरण नसताना. पाण्याची एकूण बेरीज तेवढीच राहते.

हिमकण

अवांतर, पण विषयाला धरून. हिमनद्यांवरही ही लाट असते. वीर्टमन आणि नाय यांनी १९५८ ते १९६० च्या सुमारास तिचे गणित मांडले. बर्फाच्या विरूपणाचा ग्लेन यांचा नियम (ताण वाढला की बर्फ किती वेगाने आकार बदलतो हे सांगणारा) तिसऱ्या घाताने घेतला आणि तळाशी घसरण नाही असे धरले, तर बर्फाचा प्रवाह जाडीच्या पाचव्या घाताने वाढतो. स्पर्शिकेचा हिशेब केला की लाट बर्फाच्या सरासरी वेगाच्या पाचपट आणि पृष्ठभागावरील वेगाच्या चौपट वेगाने जाते. बर्फ संथ असतो, पण 'वर हिमवृष्टी वाढली' ही खबर तो खाली बराच लवकर पोहोचवतो.

शून्यवेग

नदीत दीडपट, हिमनदीत पाचपट, आणि रस्त्यावर उणे. खबर पोहोचवण्याच्या कामी बर्फाने सर्वांवर ताण केली.

पाणाडी

अवकलक यांनी 'नदीचा वक्र सतत चढता असतो' असे लिहिले. उघड्या पात्रासाठी ते ठीक आहे. पावसाच्या पाण्याच्या गोल पाइपमध्ये मात्र चित्र वेगळे आहे. पाइप जवळजवळ भरत आला की छेदाचे क्षेत्रफळ थोडेच वाढते, पण ओला परीघ (छेदात पाण्याला भिडलेल्या भिंतीची लांबी) भराभर वाढतो, आणि मॅनिंगच्या सूत्राने विसर्ग खोली व्यासाच्या सुमारे ९४ टक्के असताना कमाल होतो. पूर्ण भरलेल्या पाइपपेक्षा तेव्हा तो साधारण साडेसात टक्के जास्त असतो. शेवटच्या त्या सहा टक्क्यांत वक्र उतरता होतो, म्हणजे कागदावर तरी पाइपमध्येही रस्त्यासारखी मागे जाणारी लाट असायला हवी.

प्रत्यक्षात तेथवर पोहोचेपर्यंत पाइप दाबाखाली जातो आणि सिद्धांताची हद्द संपते. कायनेमॅटिक मॉडेलला फुगवटा माहीत नाही. खालच्या मॅनहोलमध्ये पाणी तुंबले असेल, तर वरच्या पाइपला त्याचा पत्ताही लागत नाही. तो आपला उताराच्या हिशेबाने निवांत पाणी सोडत राहतो. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा हिशेब करणाऱ्या एसडब्ल्यूएमएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच कायनेमॅटिक आणि डायनॅमिक असे दोन्ही पर्याय असतात. सपाट भागात पहिला पर्याय निवडला की आकडे झटपट आणि गुळगुळीत येतात आणि पाणी कुठे वर येणार हे नेमके तेवढेच कळत नाही.

मुक्तमार्गी

सगळे वाचून माझी मूळ शंका तशीच आहे. पाण्याचे कण विचार करत नाहीत, चालक करतात. एकाने उगाच ब्रेक लावला की मागे कोंडी होते. पुढे अपघात नाही, दिवा नाही, अरुंद रस्ता नाही. अशी आपोआप होणारी कोंडी या दोन गृहीतकांच्या मॉडेलमधून निघते का? निघत नसेल, तर इतक्या आकडेमोडीचा उपयोग काय?

चौकोनी_चाक

निघत नाही, आणि हे स्पष्टपणे सांगायला हवे. सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या अंतराने चालवण्यास सांगितल्या. कोठेही अडथळा नसताना थोड्याच वेळात काही मोटारी पूर्ण थांबू लागल्या, आणि ती थांबण्याची लाट ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे फिरत राहिली. लाइटहिल-व्हिटहॅम मॉडेलमध्ये सारख्या अंतराची वाहतूक कायम सारखीच राहते. लहानसा धक्का वाढत नाही. कारण त्यात चालक नव्या घनतेचा वेग तत्क्षणी स्वीकारतो. खरा चालक उशिरा प्रतिसाद देतो, आणि त्या उशिरातूनच धक्का मागे मागे मोठा होत जातो.

तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. कोंडी का जन्मली हे मॉडेलला सांगता येत नाही, पण जन्मलेली कोंडी किती वेगाने मागे जाईल आणि केव्हा विरेल हे ते चांगले सांगते. शिवाय बहुसंख्य कोंड्या 'उगाच' होत नाहीत. लेन संपते, जोडरस्ता येऊन मिळतो, चढ लागतो. रांग कोठपर्यंत पोहोचेल एवढेच विचारायचे असेल तर याहून जड मॉडेलची गरज सहसा पडत नाही.

मुक्तमार्गी

मग उशीर धरणारे दुसरे समीकरण जोडून मॉडेल सुधारत का नाहीत?

रेषाखंड

जोडले होते. पेन यांनी १९७१ मध्ये वेगासाठी वेगळे समीकरण दिले, वायूच्या समीकरणाच्या वळणाचे. दागान्झो यांनी १९९५ मध्ये त्याची दुखरी जागा दाखवली: त्यात काही लाटा वाहनांपेक्षा वेगाने पुढे जातात, म्हणजे मागून येणारा पुढच्याला ढकलतो, आणि काही परिस्थितींत वाहने उलटी चालू लागतात. वायूचा कण चारही बाजूंनी धक्के खातो. चालक मुख्यतः समोर पाहतो. आव आणि रास्क्ल यांनी २००० मध्ये समीकरण असे बदलले की कोणतीही लाट वाहनापेक्षा वेगवान राहणार नाही. त्यामुळे 'चालक विचार करतात' हा आपला आक्षेप योग्य असला, तरी जास्तीचे समीकरण पाण्याकडून उसने घेतले तर तो आक्षेप अधिकच खरा ठरतो. आश्चर्य असे की सर्वांत साधे मॉडेल या बाबतीत आधीपासूनच शहाणे होते: त्यात लाटेचा वेग वाहनाच्या वेगापेक्षा कधीच जास्त नसतो, कारण घनता वाढली की वेग घटतोच.

जलरेखा

येथेच निरंतर यांच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. समीकरण दोन्हीकडे एकच आहे, कारण ते केवळ बेरीज-वजाबाकी सांगते. घर्षण, गुरुत्व, चालकाची सावधगिरी हे सगळे त्या एका वक्रात कोंबलेले आहे. नदीत जास्त साठा म्हणजे जास्त वेग. रस्त्यावर जास्त साठा म्हणजे कमी वेग. म्हणून नदीत लाट पाण्याच्या पुढे धावते आणि रस्त्यावर वाहनांच्या मागे राहते, कधी उलटीही जाते. वक्र मोजण्यात जितके कष्ट घ्याल, तितकेच मॉडेल खरे बोलेल.

निरंतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रस्त्याच्या भागात सोडणे-सामावणे यांतला लहान आकडा घेण्याची रीत बसवली. त्रिकोणी वक्रासह झोके पूर्णपणे थांबले आणि लाल दिव्याची रांग ३७५ मीटरांच्या अगदी जवळपास येऊन थांबते. नदीसाठी आता कृत्रिम विसरण काढून न टाकता ते खऱ्या विसरणाइतके करावे असा विचार आहे. कूरांट अंक ०.५ च ठेवून तुकडे साडेनऊ किलोमीटरचे केले, तर जुन्याच रीतीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होतात, पण हा जुगाड वाटतो.

जलरेखा

जुगाड मुळीच नाही. क्युंज यांनी १९६९ मध्ये हेच तत्त्वतः केले. पूर नदीतून कसा पुढे सरकतो हे काढण्याच्या जुन्या मस्किंगम पद्धतीतला भारांक (तुकड्यातील साठा ठरवताना आवक आणि जावक यांना किती वजन द्यायचे तो आकडा) त्यांनी असा निवडला की तिचे कृत्रिम विसरण नदीच्या विसरणाइतके व्हावे. सूत्र सरळ आहे: दर मीटर रुंदीचा विसर्ग भागिले (उतार, लाटेचा वेग आणि तुकड्याची लांबी यांचा गुणाकार), हे एकातून वजा करून निम्मे करायचे. १० किलोमीटरच्या तुकड्याला आपला भारांक ०.२६ येतो, ५ किलोमीटरला ०.०२, आणि ४.८ किलोमीटरच्या खाली तो ऋण होतो. ऋण भारांकाने गणित बिघडत नाही, मात्र काही प्रोग्राम तो स्वीकारतच नाहीत, तेव्हा आपला प्रोग्राम लिहिताना तशी अट चुकूनही घालू नका. दुसरे, विसर्गानुसार भारांक आणि लाटेचा वेग प्रत्येक पायरीला बदलत ठेवणार असाल, तर आत आलेले आणि बाहेर गेलेले पाणी यांची बेरीज शेवटी ताडून पाहा. या पद्धतीत थोडे पाणी हिशेबातून गळते.

शून्यवेग

गळलेले पाणी कुठे जाते, हा प्रश्न पाणाडी यांच्याकडे वर्ग करावा.

पाणाडी

माझ्या पाइपमध्ये आलेले नाही. मी बेरीज ताडून पाहिली आहे.